विश्रुतचरित व वाकाटक साम्राज्याचा अस्त : एका मताचें परीक्षण

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याबाहेर वराहदेवानें कोरविलेला लेख आणि दंडीच्या दशकुमारचरितांतील आठवा उच्छ्वास हीं दोन साधनें वाकाटकांच्या अखेरच्या इतिहासांत आज इतकीं एकजीव झालीं आहेत कीं, कोणती गोष्ट शिळेवरची आणि कोणती कथेंतली हें सांगतांना चांगल्या चांगल्या अभ्यासकांची त्रेधा उडते. हरिषेणाचा मृत्यु, त्याच्या व्यसनी पुत्राची कारकीर्द, अश्मकराजाचें कपट, सामंतांचा विश्वासघात आणि त्यासरशीं अजिंठ्याच्या शिल्पकारांच्या हातांतून गळून पडलेल्या छिन्न्या, हें चित्र मोठें हृदयंगम आहे यांत शंका नाहीं. परंतु तें चित्र कोणत्या भिंतीवर टांगलें आहे, आणि ती भिंत तेवढा भार सोसण्याजोगी आहे कीं नाहीं, याची तपासणी व्हावी तशी होत नाहीं. ती करण्याचा येथें विचार आहे.

प्रथम कथा. विदर्भांत पुण्यवर्मा नांवाचा गुणी राजा होऊन गेला. त्याचा पुत्र अनंतवर्मा सर्व कलांत निपुण, पण दंडनीतीविषयीं उदासीन. वृद्ध मंत्री वसुरक्षित त्यास उपदेश करतो. विहारभद्र नांवाचा विदूषकी वृत्तीचा आश्रित त्या उपदेशाची थट्टा उडवून राजास विलासाकडे ओढतो. शेजारचा अश्मकराज वसंतभानु ही संधि साधतो. त्याच्या मंत्र्याचा पुत्र चंद्रपालित खोटें भांडण काढून विदर्भांत येतो व मृगया, द्यूत, मद्य, स्त्रीसंग या व्यसनांचे 'गुण' राजास पटवितो. राज्य पोखरून निघाल्यावर वसंतभानु वनवासीच्या भानुवर्म्यास स्वारीसाठीं उठवितो, स्वतः मात्र मित्र म्हणून अनंतवर्म्याच्या गोटांत येतो आणि कुंतलपति अवंतिदेव, मुरलांचा वीरसेन, ऋषिकांचा एकवीर, कोंकणचा कुमारगुप्त व नासिक्याचा नागपाल यांस फितवितो. राजा मारला जातो. लुटीच्या वांटणीवरून सामंत आपसांत भांडतात आणि राज्य वसंतभानूच्या घशांत पडतें. राणी वसुंधरा मुलांसह माहिष्मतीस दिराच्या आश्रयास जाते. तेथेंहि धोका दिसतांच बालराजा भास्करवर्मा विंध्याटवींत पाठविला जातो, आणि विश्रुत त्याचा कैवार घेतो.

या कथेंतील भूगोल खऱ्या इतिहासावर आधारलेला असावा, ही कल्पना मार्क कॉलिन्स यांनीं इ. स. १९०७ मध्येंच मांडली होती. तिला पद्धतशीर रूप दिलें तें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं. भांडारकर संस्थेच्या वार्षिकांत १९४५ सालीं आलेल्या त्यांच्या लेखांत पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण व अनंतवर्मा म्हणजे त्याचा पुत्र असें समीकरण आलें. पुढें प्रो. वॉल्टर स्पिंक यांनीं याच समीकरणावर आपल्या अजिंठाविषयक कालगणनेची राजकीय बाजू उभारली. २००५ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या खंडांत अजिंठ्याचा सर्व महायान कालखंड इ. स. ४६२ ते ४८० एवढ्या अवधींत बसविलेला असून हरिषेणाचा मृत्यु ४७७ मध्यें धरला आहे. स्पिंक २०१९ मध्यें निवर्तले. परंतु त्यांचें मत आतां मत न राहतां वहिवाट होऊं लागलें आहे. मिराशींनीं जें जपून, 'असावें' म्हणून लिहिलें, तें पुढच्या पिढीनें 'होतें' म्हणून वाचलें, हाच या प्रकरणांतील खरा दोष होय.

आतां दशकुमारचरित या ग्रंथाचीच स्थिति पाहूं. पोथ्या हाताळणाऱ्यांस हें सांगावयास नको कीं, आज जें दशकुमारचरित म्हणून छापलें जातें त्याचे तीन थर आहेत. मधले आठ उच्छ्वास दंडीचे. आरंभींची पूर्वपीठिका व शेवटची उत्तरपीठिका मागाहून जोडलेल्या. मूळ ग्रंथाचें डोकें व शेंपूट दोन्हीं हरवलीं, आणि निरनिराळ्या हातांनीं तीं परत बसविलीं. विश्रुताची कथा नेमकी आठव्या उच्छ्वासांत, म्हणजे ग्रंथ जेथें तुटतो तेथें आहे. दंडीच्या स्वतःच्या शब्दांत ती पूर्ण होत नाहीं. वसंतभानूचा पराभव व भास्करवर्म्याची पुनःस्थापना हीं उत्तरपीठिकेंतून घेतलेलीं आहेत. तेव्हां 'दंडी सांगतो कीं बालराजास राज्य परत मिळालें' असें जेथें जेथें लिहिलेलें आढळतें, तेथें तेथें दंडीच्या नांवावर दुसऱ्याच कोणाची हुंडी वटविली गेली आहे. स्पिंक यांनीं ही सुखान्त जोड ऐतिहासिक मानली नाहीं, हें त्यांच्या विवेकाचें लक्षण. पण एका कथेचा पूर्वार्ध पुरावा म्हणून घ्यावयाचा आणि उत्तरार्ध कविकल्पना म्हणून टाकावयाचा, तर त्या निवडीचें कारण कथेबाहेरून यावयास पाहिजे. तें आलेलें नाहीं.

दुसरा प्रश्न काळाच्या अंतराचा. मलबारांतील हस्तलिखितावरून रामकृष्ण कवि यांनीं १९२४ सालीं अवंतिसुंदरीकथा छापली, तेव्हांपासून दंडीचें घराणें, त्याचा पणजा दामोदर व कांचीच्या पल्लवांशीं असलेला त्याचा संबंध आपणांस कळला आहे. त्यावरून दंडी सातव्या शतकाच्या अखेरीस व आठव्याच्या आरंभीं होऊन गेला असें ठरतें. हरिषेणापासून तो सुमारें दोनशें वर्षें दूर आणि विदर्भापासून शेंकडों कोस दक्षिणेस. दामोदराचे पूर्वज विदर्भाच्या अंगच्या अचलपुराहून आले असें त्याच ग्रंथांत येतें, म्हणून घराण्यांत विदर्भाच्या आठवणी शिल्लक असाव्यात, असें कोणी म्हणेल. असतीलहि. परंतु घरांत सांगितलेल्या दोनशें वर्षांपूर्वींच्या आठवणींत राजांचीं नांवें, त्यांचा क्रम व लढायांचीं कारणें शाबूत राहतात असें मानावयास मराठ्यांच्या बखरींचा अनुभव तरी आम्हांस उत्तेजन देत नाहीं. शंभर वर्षांच्या आंत लिहिलेल्या बखरींत काय काय घोटाळे होतात हें या पृष्ठांच्या वाचकांस ठाऊक आहे.

नांवांची तपासणी केली असतां हा संशय बळावतो. कोंकणचा राजा कथेंत कुमारगुप्त आहे. त्या काळीं अपरांतावर त्रैकूटकांचें राज्य होतें, आणि सुदैवानें त्यांचे ताम्रपट संवत्सरांसह मिळाले आहेत. दह्रसेनाचा पारडीचा ताम्रपट कलचुरि संवत् २०७ चा, म्हणजे सुमारें इ. स. ४५६ चा, व्याघ्रसेनाचा सुरतेचा ताम्रपट २४१ चा, म्हणजे सुमारें ४९० चा, आणि त्यांत तो स्वतःस अपरांतादि देशांचा स्वामी म्हणवितो. या दोहोंच्या मध्यें कुमारगुप्तास उभें राहण्यापुरती जागाहि दिसत नाहीं. गुप्तांच्या वंशांतील एक प्रसिद्ध नांव कवीच्या कानांवर होतें, तें त्यानें कोंकणास देऊन टाकलें, एवढाच याचा अर्थ. वनवासीच्या राजास भानुवर्मा म्हटलें आहे तें मात्र शोभतें, कारण तेथील कदंबांच्या नांवांत वर्मन् हें पद असे. पण याच पदानें विदर्भाची पंचाईत होते. वाकाटकांचीं नांवें सेनान्त आहेत : प्रवरसेन, सर्वसेन, देवसेन, हरिषेण. कथेंतला वंश पुण्यवर्मा, अनंतवर्मा, भास्करवर्मा असा वर्मान्त आहे. कवीनें नांवें मुद्दाम पालटलीं असें उत्तर दिलें जातें. पालटलीं असतील, पण मग कोणतें नांव पालटलेलें व कोणतें खरें, हें सांगण्याचा मार्ग खुंटतो. ज्याच्या दरबारांत दंडी वाढला त्या पल्लव राजांचीं नांवेंहि वर्मान्तच होतीं, आणि विदर्भांत नंदिवर्धनाहून दानपट्ट देणारा नलवंशीय भवदत्तवर्मा हाहि वर्मान्तच. अनंतवर्म्याच्या मागें हरिषेणाचा पुत्र न पाहतां नलांची आठवण पहावी असें आमचें म्हणणें नाहीं. एका वाटेनें हरिषेणाकडे जातां येतें तसें दुसऱ्या वाटेनें नलांकडेहि जातां येतें, आणि कथा दोहोंसहि सारखीच हात दाखविते, एवढेंच दाखवावयाचें आहे.

आतां शिळेकडे वळूं. सोळाव्या लेण्याच्या लेखाच्या वाचनाचा इतिहास स्वतःच एक धडा आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी व डॉ. ब्यूलर यांनीं तो लेख वाचला त्या वेळीं वाकाटकांची एकच शाखा ठाऊक होती. चम्मक व सिवनी येथील दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटांतली वंशावळ डोळ्यांसमोर असल्यामुळें झिजलेल्या अक्षरांच्या जागीं त्याच शाखेचे राजे दिसूं लागले. पुढें १९३९ सालीं वाशीम येथें दुसऱ्या विंध्यशक्तीचा, सदतिसाव्या राज्यवर्षाचा ताम्रपट सांपडला. आरंभींची वंशावळ संस्कृतांत आणि दानाचा मजकूर प्राकृतांत, असा तो अपूर्व लेख. त्यानें पहिल्या प्रवरसेनाचा सर्वसेन नांवाचा पुत्र व वत्सगुल्माची निराळी शाखा प्रकाशांत आणली. मग मिराशींनीं अजिंठ्याच्या भिंतीपुढें पुन्हां उभें राहून त्याच झिजलेल्या अक्षरांत सर्वसेन व विंध्यसेन हीं नांवें वाचलीं आणि १९४१ मध्यें लेखाचें नवें संस्करण प्रसिद्ध केलें. भिंत तीच, अक्षरें तींच. वाचणाराच्या मनांतली वंशावळ बदलली आणि राजे बदलले. मोडक्या लेखांत मनुष्य जें शोधावयास जातो तें त्यास सांपडतें, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं. (याच सर्वसेनानें हरिविजय नांवाचें प्राकृत काव्य लिहिलें. आनंदवर्धन, हेमचंद्र प्रभृति त्याचा उल्लेख करतात. काव्य लुप्त आहे, वा. म. कुलकर्णी यांनीं अलंकारग्रंथांतून त्याचे तुकडे वेंचले आहेत. कोणाच्या गांठोड्यांत त्याचें एखादें पान निघेल तर पांच ताम्रपटांची किंमत त्या एका पानास येईल.)

या लेखांत हरिषेणाच्या संदर्भांत कुंतल, अवंति, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट व आंध्र हीं देशांचीं नांवें येतात. साम्राज्याच्या विस्ताराचे सर्व नकाशे याच एका ओळीवरून काढलेले आहेत. परंतु ओळ खंडित आहे. देश शिल्लक राहिले, आणि त्या देशांचें हरिषेणानें काय केलें हें सांगणारा शब्द गेला. जिंकले, करभार बसविला, मित्र केले, कीं नुसता दरारा बसविला, हें ठरवावयास व्याकरण सांपडत नाहीं. लेख राजाचा नव्हे, मंत्र्याचा आहे, प्रशस्तीचा आहे, आणि त्रिकूटाचा दह्रसेन तर पारडीच्या पटांत आपण अश्वमेध केल्याचें सांगतो. अश्वमेध करणारे सामंत प्राचीन काळीं नसत असें नाहीं. तरी समुद्रापासून समुद्रापर्यंत पसरलेलें साम्राज्य, मग त्याचें एकाएकीं कोसळणें, आणि त्या कोसळण्याचें कारण शोधण्यासाठीं दंडीकडे धांव, अशी जी सांखळी बनते तिची पहिलीच कडी हा गेलेला शब्द आहे, हें विसरतां कामा नये.

त्याच लेखांतली दुसरी एक गोष्ट या वादांत जितकी यावी तितकी आलेली नाहीं. हरिषेणाचा पिता देवसेन यानें राज्याचा भार हस्तिभोज नांवाच्या मंत्र्यावर सोंपवून आपण सुखोपभोगांत काळ घालविला, असें त्यांत स्वच्छ सांगितलें आहे. हा हस्तिभोज लेख कोरविणाऱ्या वराहदेवाचा बाप. म्हणजे विलासी राजा आणि राज्य चालविणारा मंत्री ही जोडी वत्सगुल्माच्या दरबारांत खरोखरीच होती. आणि मंत्र्याच्या घराण्यास ती दूषणास्पद न वाटतां भूषणास्पद वाटली. दंडीनें जें राज्यनाशाचें मूळ म्हणून रंगविलें तेंच येथें दगडावर स्तुति म्हणून कोरलें आहे! विलासी विदर्भराजाची कांहीं आठवण दंडीपर्यंत पोंचली असेल तर ती हरिषेणाच्या अज्ञात पुत्राचीच असली पाहिजे असें नाहीं. देवसेनाची असूं शकेल. आणि देवसेनाच्या विलासानें राज्य बुडालें नाहीं. त्याच्या मागें हरिषेण आला. हरिषेणाच्या पुत्राचें तर नांवहि कोणत्याच ज्ञात लेखांत येत नाहीं.

कालगणनेस आधार द्यावयास आज दोन खुंटे पक्के आहेत. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील देवसेनाच्या वेळचा शिलालेख : त्यांत स्वामिल्लदेवानें सुदर्शन नांवाचें तळें बांधल्याचा उल्लेख असून शक ३८० हा स्पष्ट काळ दिला आहे. वाकाटकांच्या लेखांत ज्ञात शकाचा आंकडा असा हा एकच. तेव्हां इ. स. ४५८ च्या सुमारास देवसेन गादीवर होता व हरिषेण त्यानंतर आला, एवढें निश्चित. दुसरा खुंटा थाळनेरचा हरिषेणाचा ताम्रपट, राज्यवर्ष तिसरें. यापलीकडे हरिषेणानें नेमकीं किती वर्षें राज्य केलें व तो कोणत्या सालीं वारला हें सांगणारा एकहि लेख नाहीं. मिराशींनीं हिस्से-बोराळ्याचा लेख मिळण्यापूर्वीं त्यास ४७५ ते ५०० हा काळ दिला होता, तो आतां मागें सरकविला पाहिजे. परंतु मागें सरकवून ४७७ या एका वर्षावर त्याचा मृत्यु खिळविण्यास जें लागतें तें लेखांत नसून तर्कांत आहे. हान्स बाकर यांच्या १९९७ च्या ग्रंथांत मृत्यूचें वर्ष त्याच सुमारास धरलेलें असलें तरी 'सुमारें' हा शब्द तेथें राखला आहे. त्या शब्दाचें मोल मोठें आहे.

सतराव्या व सव्विसाव्या लेण्यांतील लेखांचेंहि असेंच. सतराव्यांत हरिषेणाचें राज्य चालू असल्याचा निर्देश आहे. लेणें करविणाऱ्या मांडलिकाच्या पूर्वजांची लांब यादी आहे. त्याचा धाकटा भाऊ रविसांब अकालीं वारल्याचें दुःख आहे. पण ज्यानें लेणें करविलें त्याचें स्वतःचें नांव गळालें आहे. त्यास जें नांव आज सर्रास दिलें जातें तें स्पिंक यांचें अनुमान. त्याचा देश ऋषिक, हेंहि लेखांत नाहीं. तें मिराशींचें अनुमान. यादींत एकवीर कोठेंहि नाहीं. सव्विसाव्यांत बुद्धभद्र भिक्षु अश्मकांच्या भव्विराज मंत्र्याची स्तुति करतो व वाकाटकांचें नांव काढीत नाहीं. या मौनाचा अर्थ 'वाकाटक सत्ता संपली होती' असा लावतात. मौनाचा अर्थ मौन असाहि असूं शकतो. भिक्षूस आपल्या जुन्या मित्राची आठवण करावयाची होती; सार्वभौमाची वंशावळ देण्याचा तो प्रसंगच नव्हता.

येथपर्यंत वाचून कोणी असें समजेल कीं, स्पिंक यांचें सर्व काम आम्ही टाकाऊ ठरवीत आहों. तसें मुळींच नाहीं. त्यांच्या कामाचे दोन भाग आहेत, आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत एवढाच आमचा आग्रह आहे. दारांच्या चौकटींत बिजागरीसाठीं केलेल्या खांचांचे प्रकार, खांबांचीं वळणें, अर्धवट सोडलेल्या मूर्ति, ठरलेला आराखडा मोडून मिळेल त्या जागीं घाईनें कोरलेल्या बुद्धप्रतिमा, यांचा जो सूक्ष्म अभ्यास त्यांनीं अनेक दशकें डोंगरांत बसून केला, तो दगडावरचा पुरावा आहे. काम एके ठिकाणीं अडखळलें व पुढें बहुतेक एकदम थांबलें, हें लेणीं स्वतः सांगतात. त्यास दंडीच्या साक्षीची गरज नाहीं. परंतु काम कोणत्या कारणानें थांबलें हें लेणीं सांगत नाहींत. तेथें विश्रुतचरित आणून बसविलें कीं दगडाचा पक्केपणा कथेस आणि कथेचा रंग दगडास चढतो, आणि मग दोन्हीं एकमेकांस आधार देऊं लागतात. कथा खरी, कारण लेणीं थांबलीं. लेणीं ४८० त थांबलीं, कारण कथा तशी आहे. हें चक्र आहे, प्रमाण नव्हे.

मग विश्रुतचरिताचा इतिहासास उपयोग नाहीं काय? आमच्या मतें फार मोठा आहे, पण दुसऱ्याच बाजूनें. विहारभद्राचें भाषण काढून पहावें. राजाच्या दिवसाचे व रात्रीचे आठ आठ भाग, त्या प्रत्येक भागांतलें काम, आयव्यय ऐकतां ऐकतां जेवणहि अंगीं न लागणें, हेरांच्या व मंत्र्यांच्या फेऱ्यांत झोंपेचा बळी जाणें, याची जी चेष्टा तो करतो ती कौटिलीय अर्थशास्त्रांतील राजाच्या दिनचर्येची आहे. आणि विष्णुगुप्तानें मौर्यासाठीं तें शास्त्र सहा हजार श्लोकांत आंखडलें असेंहि तो सांगतो. चंद्रपालिताचें भाषण तर अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणांतील व्यसनविचार उलटा करून बांधलेलें आहे. अर्थशास्त्राची पोथी १९०५ मध्यें शामशास्त्री यांच्या हातीं आली आणि १९०९ त छापली गेली; त्याच्या कितीतरी आधीं दशकुमारचरित छापलें गेलें होतें आणि विद्यार्थी तें वाचीत होते, पण थट्टा कोणाची चालली आहे हें कळावयास मूळ ग्रंथ मिळावा लागला. दंडीच्या काळीं कांचीसारख्या दरबारांत अर्थशास्त्र इतकें घोटलेलें होतें कीं, त्याची विडंबना श्रोत्यांस चटकन् उमगे, हा ऐतिहासिक निष्कर्ष असून तो कोणाहि राजाच्या नांवावर अवलंबून नाहीं.

तसेंच सामंतांविषयीं. सार्वभौमाच्या एका हांकेस पांच सामंत सैन्य घेऊन गोळा होतात. त्यांचा मान दुखावला कीं रणांतच पाठ फिरवितात. शेजारचा धूर्त मांडलिक त्यांस एकमेकांविरुद्ध खेळवितो. ताम्रपटांतून या व्यवस्थेची फक्त बाहेरची, सही-शिक्क्याची बाजू दिसते : पादानुध्यात, आज्ञाकर, दूतक. आंतली बाजू, भीति, मत्सर, लांच, लुटीची वांटणी, ही दंडीसारखा कविच दाखवितो. पण ती सातव्या शतकाच्या अखेरची, चालुक्य-पल्लवांच्या झगड्यांत मुरलेल्या मनुष्यानें पाहिलेली व्यवस्था आहे. पांचव्या शतकांत ती तशीच होती असें म्हणावयाचें तर तें ताम्रपटांवरून निराळें सिद्ध केलें पाहिजे.

माहिष्मतीच्या सुबंधूचें प्रकरण येथें थोडक्यांत उरकतों. त्याचा बडवानीचा ताम्रपट संवत् १६७ चा आहे. तो कलचुरि मानला तर इ. स. ४१६-१७, गुप्त मानला तर ४८६-८७. मिराशींनीं पहिला पर्याय घेतला, स्पिंक यांनीं दुसरा. आणि दुसरा घेतल्यावर वाकाटकांच्या पतनानंतर माहिष्मतीस स्वतंत्र झालेला राजा म्हणून सुबंधु कथेच्या चौकटींत नेमका बसतो. संवत्सर कोणता हा प्रश्न लिपीवरून व त्या प्रदेशांतील इतर पट्टांवरून सुटावयाचा आहे. कथेंत तो चांगला बसतो, हें कारण त्यांत धरूं नये.

एक काम मात्र हस्तलिखितांचे संग्राहकच करूं शकतील. ज्यांच्याजवळ दशकुमारचरिताच्या पोथ्या असतील त्यांनीं तीन गोष्टी टिपून कळवाव्या : आठवा उच्छ्वास कोणत्या वाक्यावर तुटतो, उत्तरपीठिका त्याच हातानें लिहिली आहे कीं निराळ्या, आणि फितलेल्या सामंतांचीं व त्यांच्या देशांचीं नांवें कोणत्या रूपांत येतात. मलयाळम् व ग्रंथ लिपींतील प्रती विशेष महत्त्वाच्या, कारण अवंतिसुंदरीकथा तिकडूनच आली. पुण्यास एका तांबटाकडे असलेल्या पत्र्यांवरून प्रभावतीगुप्ता चंद्रगुप्ताची कन्या असल्याचें उघड झालें. तेव्हां ज्या पोथीस आजवर कोणी हात लावला नाहीं तिच्या शेवटच्या पानावर काय असेल, हें पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं.